बांधावरच्या सागाचे जेवणाचे टेबल

शेतकऱ्याच्या घरात जेवणाचे टेबल ही एके काळी चैनीची वस्तू मानली जात असे. आपण जेवत आलो ते पाटावर, मांडी घालून. त्यात काही उणे नव्हते आणि आजही नाही. पण ज्या आईने जन्मभर वाकून भात लावला, खुरपणी केली आणि उकिडवे बसून भाकरी थापल्या, तिचे गुडघे साठीनंतर ऐकेनासे होतात. मग ती खाटेच्या कडेला बसून, ताट मांडीवर घेऊन एकटीच जेवते. सगळे घर खाली आणि ती वर. अशा घरात टेबल आले तर ती चैन नव्हे, सोय आहे.

मात्र हे टेबल कसे येते ते पाहण्यासारखे आहे. बांधावरचे सागाचे झाड व्यापाऱ्याला उक्ते विकायचे आणि त्याच पैशांत तालुक्याच्या दुकानातून भुशाच्या दाबलेल्या फळीचे चकचकीत टेबल आणायचे, असा उलटा व्यवहार गावोगाव चालला आहे. अशा फळीच्या कडेत एकदा पाणी शिरले की ती फुगते आणि फुगलेली पुन्हा बसत नाही. घरचे लाकूड आणि गावचा सुतार असताना असे का व्हावे? याचे उत्तर बहुतेक एकच मिळते : “घरच्या लाकडाचे केले होते, पण ते फाटले.” ते का फाटले आणि फाटू नये म्हणून काय करावे, हे एका घरच्या उदाहरणावरून सांगतो.

घर सातारा जिल्ह्याच्या डोंगराकडच्या पट्ट्यातले. विहिरीच्या पाटाकडेला बांधावर १९९० मध्ये लावलेले सागाचे झाड. घरधन्याने नवे घर बांधायला काढले, तेव्हा आईसाठी जेवणाचे टेबल करायचे ठरले. वास्तुशांत २०२३ च्या अक्षय्य तृतीयेला धरली होती. झाड पडले डिसेंबर २०२२ मध्ये.

माप माणसाचे घ्यावे

मिस्त्री आले ते आधी लाकूड पाहायला गेले नाहीत. त्यांनी विचारले, “जेवायला माणसं किती?”

घरधनी म्हणाले, “मी, आई, पोरगा आणि नात. पाहुणा आला तर पाच.”

“आणि वाढणाऱ्या कुठं बसणार, दादा?”

स्वयंपाकघराच्या दारात घरची वहिनी आणि सूनबाई उभ्या होत्या. कोणी काही बोलले नाही. पण टेबल चौघांचे होते ते त्या क्षणी सहा जणांचे झाले. दुकानातले टेबल हा प्रश्न विचारत नाही. सुताराकडून करवून घेण्यातला पहिला फायदा हा आहे.

एका माणसाला जेवायला कडेची निदान २ फूट लांबी लागते. ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद टेबलावर दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन आणि दोन्ही टोकांना एक-एक असे सहा जण सुखाने बसतात. बाजारातल्या टेबलाची उंची साधारण ३० इंच असते. मिस्त्रींनी आजींना पाटावर विटा रचून बसवले आणि पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी बैठक मोजली. ती आली साडेसोळा इंच. बैठकीपासून टेबलाचा वरचा पृष्ठभाग १२ इंचांच्या आसपास असावा, म्हणजे खांदे न उचलता घास तोंडाशी जातो. म्हणून टेबलाची उंची साडेअठ्ठावीस इंच ठरली. पाय लोंबकळत बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे अधिक दुखतात. दीड इंचाचा फरक दिसायला किरकोळ, पण रोज दोन वेळा सोसायचा असतो.

पायांना जोडणारी आडवी पट्टी साडेतीन-चार इंचांहून जास्त रुंद नसावी. नाहीतर मांड्या अडकतात आणि बसणाऱ्याला तिरके बसावे लागते.

झाडाचा हिशेब आपल्याला यावा

झाड तोडण्याआधीची पायरी कागदाची. महाराष्ट्रात झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा १९६४ पासून आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नियमांत वेळोवेळी बदल होतात. म्हणून तलाठी आणि वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्या कार्यालयात आधी विचारावे, सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे की नाही ते पाहावे आणि लाकूड गिरणीवर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो का तेही विचारून घ्यावे. एका हेलपाट्याचा कंटाळा केला तर पुढे लाकूडही जाते आणि दंडही बसतो.

दुसरी गोष्ट मोजणीची. गोल लाकूड मोजण्याची वखारीतली रीत अशी : ओंडक्याच्या मध्याचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि लांबीने गुणायचे. या घरच्या ओंडक्याचा मधला घेर ४ फूट आणि लांबी १० फूट होती. चारचा चौथा हिस्सा १, एक गुणिले एक गुणिले दहा, म्हणजे १० घनफूट. खरे पाहता एवढ्या ओंडक्यात सुमारे पावणेतेरा घनफूट लाकूड असते. या रीतीत चिरकामात जाणारी घट म्हणून शेकडा २१ च्या आसपास आधीच सोडून दिलेले असते. ही रीत सर्वत्र चालते, तेव्हा तिच्यावर भांडण नाही. पण हा हिशेब ठाऊक नसलेला शेतकरी “झाडाचे एवढे देतो” या उक्त्या भावाला मान डोलावतो आणि वरून साल, फांदी, वाकडेपणा यांची आणखी घट कबूल करतो. झाड विकायचे असो वा नसो, दोरी आणि फूटपट्टी घेऊन हा हिशेब एकदा करून पाहावा.

आता टेबलाला लागते किती? वरची फळी ५ फूट बाय ३ फूट, सव्वा इंच जाड चिरलेली, तिचे दीड घनफुटाहून थोडे अधिक. तीन इंच चौरसाचे चार पाय, त्यांचे सव्वासहा दशांश घनफूट. आडव्या पट्ट्यांचे अर्ध्या घनफुटाच्या आत. एकूण २.६५ घनफूट आणि रंधा, करवत, गाठी यांची घट धरून साडेतीन घनफूट. दहा घनफुटांच्या ओंडक्यातून चिरून निम्म्याहून थोडे जास्त कामाचे लाकूड निघते. म्हणजे टेबल होऊन एक लांब बाक आणि दोन खुर्च्यांपुरते लाकूडही उरले.

“आईचं वय बघा, मिस्त्री”

झाड पडले, ओंडका गिरणीवर चिरला, फळ्या अंगणात आल्या. घरधन्याची अपेक्षा अशी, की आता चार महिने हातात आहेत, वास्तुशांतीला टेबल मांडू. मिस्त्रींनी फळीवर हात ठेवला आणि मान हलवली.

“हे लाकूड अजून ओलं आहे, दादा. तृतीयेला टेबल देतो म्हणाल तर देईन. पण पुढच्या दिवाळीला तुम्हीच त्याचं सरपण कराल.”

“आईचं वय बघा, मिस्त्री. अठ्ठ्याहत्तर आहे. वर्ष-दीड वर्ष थांबा म्हणता, ते कुणाच्या भरवशावर?”

प्रश्न खरा होता आणि त्याला चटकन उत्तर नव्हते. अशाच ठिकाणी माणूस ओल्या लाकडाचे काम करवून घेतो आणि पुढे दोष सुताराला देतो. तेव्हा ओल्या लाकडात नेमके काय होते ते समजून घेतले पाहिजे.

जिवंत झाडाच्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतीत. पोकळीतले पाणी आधी जाते. त्या वेळी लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलावा शेकडा ३० च्या खाली उतरला की भिंतीतले पाणी जाऊ लागते आणि तेव्हा लाकूड आकसायला लागते. लांबीत ते जवळपास मुळीच आकसत नाही. रुंदीत आकसते आणि तेही सगळीकडे सारखे नाही. वर्षवलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या जवळजवळ निम्मे गाभ्याकडून सालीकडे आकसते. या असमान ओढाताणीनेच फळी पन्हाळीसारखी वळते आणि फाटते.

साग हे कमी आकसणारे लाकूड म्हणून नावाजलेले. तरीसुद्धा ओल्या सागाच्या साध्या चिरलेल्या फळ्यांचे ३ फूट रुंद टेबल केले, तर वाळेपर्यंत रुंदीत इंचभर कमी होऊ शकते. खालची चौकट मात्र लांबीच्या लाकडाची असल्याने तेवढीच राहते. वरची फळी खिळ्यांनी चौकटीला जखडलेली असली तर ती इंचभर जायची कुठे? ती मधोमध फाटते. दोष ना सागाचा, ना सुताराच्या हाताचा. दोष घाईचा.

जुन्या घराची तुळई कामी आली

मिस्त्रींनी जुन्या घराच्या उतरवलेल्या लाकडाचा ढीग पाहिला. त्यात सागाची एक तुळई आणि काही वासे होते. पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली आणि चुलीच्या धुरात राहिलेले ते लाकूड पुरते वाळलेले होते. ठोकले तर खणखणीत वाजत होते. घरच्या लोकांनी ते बंबात घालायला बाजूला टाकले होते.

त्यातून तीन दिवसांत आजींच्या मापाची एक खुर्ची आणि दीड फूट बाय दोन फुटांचे छोटे टेबल झाले. “आजी, हे तुमचं. मोठं यायचंय ते घराचं.” वास्तुशांतीच्या दिवशी आजी या टेबलाशी, पंगतीच्या शेजारी बसून जेवल्या. थांबण्याचा प्रश्न असा सुटला.

वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. जुने घर उतरवताना तुळया, खांब, वासे, दारे सरपणात घालू नयेत. त्यातले खिळे नीट काढावेत, नाहीतर सुताराच्या करवतीचे आणि रंध्याचे दात जातात. वाळवीने किंवा भुंग्याने पोखरलेला भाग कापून टाकावा. उरलेले लाकूड नव्या लाकडाहून सरस निघते.

फळ्या वाळवण्याची रीत

आपण कांदा चाळीत ठेवतो तो वारा खेळता राहावा म्हणून. फळ्यांचेही तसेच आहे. त्यांना वारा हवा, पण ऊन नको. झाड पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावे. त्या दिवसांत लाकूड सावकाश वाळते आणि किडीचा जोरही कमी असतो. ओंडका तसाच पडू न देता लवकर चिरून घ्यावा.

या घरी असे केले. फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट जाडसर फासला, कारण टोकाकडून पाणी फार लवकर जाते आणि तिथूनच चिरा पडतात. गोठ्याच्या पडवीत दीड फूट उंचीवर विटांचे ओटे सपाट एका पातळीत रचले. त्यावर फळ्यांचा थर आणि दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या वाळलेल्या आडव्या पट्ट्या ठेवल्या. पुन्हा थर, पुन्हा पट्ट्या. वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर आली पाहिजे, नाहीतर मधली फळी वाकते. सर्वांत वर जड दगड. पडवीला वरून पत्रा आणि पश्चिमेकडून पावसाची झड येऊ नये म्हणून तट्टी.

इंचभर जाडीला वर्षभर, असा सुतारांचा जुना अडाखा आहे. आपल्या कोरड्या हवेत काही लाकडे त्याआधीही वाळतात. पण अडाख्यापेक्षा तराजू खरा. ढिगात दोन फूट लांबीचा एक तुकडा, टोकांना रंग लावून, वेगळा ठेवला होता. तो किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून भिंतीवर खडूने तारीख टाकायचे काम नातीकडे होते. पहिले वजन २ किलो ८०० ग्रॅम. होळीपर्यंत ते भराभर उतरले, मेपर्यंत हळूहळू उतरले आणि पावसाळ्यात थोडे वाढले, कारण लाकूड हवेतली ओल परत पिते. २०२४ च्या मार्चमध्ये ते २ किलोच्या थोडे खाली आले आणि लागोपाठ चार आठवडे तिथेच राहिले. कोरड्या हंगामात वजन स्थिर राहिले म्हणजे फळी तिथल्या हवेशी जुळली असे समजावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्रही मिळते. घरातल्या सामानाला शेकडा १० ते १२ ओलावा ठीक. यंत्र नसले तर काटा पुरतो.

सांध्याला खिळा नको, फळीला मोकळीक हवी

काम सुरू झाले ते पांढरे लाकूड कापून टाकण्यापासून. सागाचा तपकिरी गाभा टिकाऊ, पण सालीकडचा फिका थर टिकत नाही. त्यात पिष्ठ असते आणि त्यासाठीच भुंगा येतो. फर्निचरखाली पिठासारखा भुसा पडतो तो बहुधा या थरातून. बांधावर जोमाने वाढलेल्या सागात हा थर बराच असू शकतो. तो कापताना जीव हळहळला तरी कापावा.

पाय आणि आडव्या पट्ट्या यांचा सांधा कुसवाचा. पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, ती कुसू आणि पायात तिच्याच मापाचे भोक पटाशीने कोरायचे. कुसू पट्टीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचे ठेवतात, म्हणजे कुसू आणि भोकाच्या भिंती दोन्ही मजबूत राहतात. कुसू हाताच्या दाबाने बसले पाहिजे. हातोड्याने ठोकून बसवावे लागले तर पाय चिरतो आणि आपोआप पडले तर सांधा खिळखिळा होतो. गोंद लावून वर वाळलेल्या लाकडाची मेख मारली. सबंध चौकटीत एक खिळा नव्हता. बैलगाडीचे चाक आणि लाकडी नांगर करणाऱ्या हातांना हा सांधा नवा नाही. लोखंडी नांगर आणि ट्रॅक्टर आल्यावर सुताराचे शेतातले काम गेले, पण हाताची कला शिल्लक आहे.

वरची फळी सहा फळ्या जोडून केली. कडा रंध्याने अशा जुळवल्या की दोन फळ्या उभ्या धरल्यावर मधून उजेड दिसू नये. गोंद लावून शिकंज्यात रात्रभर ठेवल्या.

आणि मग सर्वांत महत्त्वाचे काम. ही फळी चौकटीला खिळ्याने जखडली नाही. चौकटीच्या आतल्या अंगाला खाचा घेतल्या, त्या खाचांत जीभ जाईल असे लाकडी ठोकळे केले आणि ते ठोकळे वरच्या फळीला खालून स्क्रूने बसवले. वाळलेले लाकूडसुद्धा पावसाळ्यात थोडे फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेव्हा ठोकळ्याची जीभ खाचेत पुढेमागे सरकते, फळी फाटत नाही. मिस्त्री म्हणाले, “लाकूड मेलं असं आपण म्हणतो. पण पावसाळ्यात ते आपली आठवण देतं.”

शेवटी बेलतेलाचे चार हात. बेलतेल म्हणजे उकळलेले जवसाचे तेल. प्रत्येक हात फडक्याने चोळून, जादाचे पुसून, मध्ये दोन-तीन दिवस वाळू दिला. वर जेवढे हात तेवढेच खालून, कारण एकाच बाजूने तेल दिले तर दुसरी बाजू ओल पिते आणि फळी वळते. चपड्याचे पॉलिश जास्त चमकते, पण गरम पातेले ठेवले की त्यावर पांढरे डाग उमटतात. जेवणाच्या टेबलाला तेल बरे. डाग पडला तर घासून पुन्हा तेल लावता येते. एक सावधगिरी : तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

मिस्त्री आणि त्यांचा मुलगा यांचे टेबलाचे काम नऊ दिवस चालले. २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला टेबल मांडले. आजींची जागा स्वयंपाकघराकडच्या टोकाला ठरली. वाढून झाल्यावर सूनबाईही ताट घेऊन बसली. पहिल्या दिवशी तिला अवघडल्यासारखे झाले, असे तीच सांगते. आता तसे होत नाही. छोटे टेबल नातीच्या अभ्यासाला गेले.

सागच हवा असे नाही

बांधावर साग नसेल तर निराश होऊ नये. फणसाचे लाकूड कोकणात आणि घाटमाथ्यावर घरकामाला पूर्वापार वापरतात. ते पिवळे, देखणे आणि रंध्याला चांगले. कडुनिंब कडू असल्याने किडीला कमी बळी पडतो. बाभूळ फार कठीण. सुताराचे हात दुखतात, पण पाय आणि चौकट भक्कम होते. पूर्वी गाडीच्या कामासाठी बाभळीचे ओंडके पाण्यात बुडवून ठेवत. पाण्यात पिष्ठ आणि रस निघून गेला की भुंगा कमी लागतो. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि कामाला सोपे, पण त्याला कीड लवकर लागते, म्हणून टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया केल्याशिवाय वापरू नये. निलगिरी वाळताना पिळवटते आणि फाटते, टेबलाच्या वरच्या फळीला ती टाळावी.

टेबल करवून घेणाऱ्यांनी सुताराशी बोलताना एवढे कागदावर लिहून घ्यावे : मापे, लाकूड कोणाचे, फळीची जाडी, सांधा कुसवाचा की खिळ्यांचा, मजुरी रोजावर की उक्ती आणि पैसे किती टप्प्यांत. लिहिलेले असले की दोन्हीकडचा मान राहतो. टेबल आल्यावर ओल्या फडक्याने पुसून पाणी तसेच राहू देऊ नये आणि गरम पातेल्याखाली चुंबळ ठेवावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, बेलतेलाचा एक हात द्यावा.

यंदा पावसाळा सरल्यावर ज्यांना झाड पाडायचे आहे, त्यांनी परवानगीचा अर्ज आजच करावा, पडवीतली जागा मोकळी करावी आणि सुताराला झाड उभे असतानाच दाखवावे. बत्तीस वर्षे वाढलेल्या लाकडाला वाळायला दीड वर्ष देणे काही फार नाही.